इडा फ्रॉस्टचा दुसरा आवाज

ग्लेनिस : अकरा सेकंद. एकतीस टेपा, आणि त्यात तुझं बोलणं सगळं मिळून अकरा सेकंद.

बेरिल : (बेरिलला बोलता येत नाही, तिचं बोलणं म्हणजे मांडीवरच्या पाटीवर ती लिहिते ते.) पुन्हा मोज.

ग्लेनिस : चारदा मोजलं गं. गोदामातून खोकी काढली, टेपा भाजून घेतल्या, एकेक ऐकली. दोन आठवडे दुसरं काही केलं नाही.

डग्लस : भाजून घेतल्या म्हणजे?

ग्लेनिस : जुन्या टेपा दमट होतात, डग्लस. चिकटतात. तशाच लावल्या तर वरचा लेप सोलून निघतो. म्हणून आधी आठ तास मंद भट्टीत ठेवायच्या.

बेरिल : हॅडक मासा वीस मिनिटांत होतो.

डग्लस : काय लिहिलं?

ग्लेनिस : म्हणते, हॅडक वीस मिनिटांत होतो.

डग्लस : होतो. खाली बटाटे घातले तर पस्तीस.

ग्लेनिस : तुला आता पाटीवरचं अजिबातच वाचता येत नाही?

डग्लस : पाटी दिसते. पाटीवरचं नाही. जिथं बघावं तिथं मधोमध धुकं, कडेचं तेवढं स्वच्छ. म्हणून मी जरा तिरकं बघतो, तर ही मला मारते. मी दाराकडे बघतोय असं वाटतं तिला.

बेरिल : बघतोच.

डग्लस : हे कळलं मला. पेन आपटलं की कळतं. आमचं चमच्याचं चालतं हल्ली. कपावर एकदा वाजवला की हो, दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे गाढवा. तीनदाच जास्त वाजतो.

ग्लेनिस : गुरुवारी किती वाजता जायचंय हॉस्पिटलात?

डग्लस : अकराला. त्या वाचोपचाराच्या मिस टॅप्ली म्हणाल्या की यंत्र आलंय. हिनं टाइप करायचं आणि ते बोलणार. आवाज कुठला घालायचा तेवढं गुरुवारी सांगा, म्हणाल्या. हिचं स्वतःचं तासभर बोलणं मिळालं कुठं रेकॉर्ड केलेलं, तर त्यातून हिच्यासारखा आवाज जुळवता येईल. नाहीतर त्यांच्याकडे सहा तयार आवाज आहेत, त्यातला एक घ्यायचा. मी म्हटलं, तासभर कसला, हिच्या बहिणीकडे हिचा आवाज कपाटभर असेल. छातीठोक सांगून आलो.

ग्लेनिस : हो. कपाटभर आहे.

डग्लस : मग?

ग्लेनिस : गाणं आहे, डग्लस. नुसतं गाणं. आ, ऊ, आणि आमच्या 'रिकामी गोदी' गाण्याचं धृपद सदुसष्ट वेळा. बोलणं नाही. गाण्यातून बोलणं बनवता येत नाही, हे मी मिस टॅप्लींना फोन करून विचारलं. त्या फार गोड बोलल्या. गोड बोलायला लागल्या तेव्हाच कळलं.

बेरिल : मी गप्प उभी राहायचे का त्या खोलीत?

ग्लेनिस : नाही.

बेरिल : मग?

ग्लेनिस : मी पुसायचे.

डग्लस : काय म्हणते?

ग्लेनिस : विचारते, तिचं बोलणं गेलं कुठे. मी पुसलं, डग्लस. आईच्या मागच्या खोलीत आम्ही रेकॉर्ड करायचो ना, गोधड्या टांगून, तेव्हापासून. टेपवर प्रत्येकाची वेगळी पट्टी असते. हिच्या पट्टीवर दोन ओळींच्या मध्ये जे काही यायचं, श्वास, खोकला, बडबड, ते मी दुसऱ्या दिवशी एकेक करून पुसत बसायचे. सुरुवातीचं तर ब्लेडनं कापूनच टाकायचे. सूर लागतो तिथून पुढचं ठेवायचं.

डग्लस : असं सगळेच करतात?

ग्लेनिस : आम्ही लोक करायचो. गिटारवाले नाही करत, त्यांना खोकला आवडतो. आमचं यंत्रांचं गाणं. ठोका यंत्राचा, सूर यंत्राचा, सगळं काचेसारखं हवं. त्यात माणूस श्वास घेताना ऐकू आला की मला वाटायचं, कुणीतरी चिखलाचे बूट घालून आत आलं.

बेरिल : मी चिखल.

ग्लेनिस : तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, बेरिल.

बेरिल : मी पंचवीस. सकाळच्या पाळीला चार तास मासे कापून यायचे तुझ्याकडे.

ग्लेनिस : माहितीये. हात धुतलेस तरी वास यायचा. सगळं आठवतं मला. तू दोन ओळींच्या मध्ये त्या मुकादम बाईचं काहीतरी सांगायचीस. तिनं टोपीखाली कर्लर लावून कामावर येणं, तिचा तो विमा एजंट. धृपद यायच्या अर्धा सेकंद आधी तू वाक्य तोडायचीस आणि अगदी बरोबर सुरात शिरायचीस. आणि धृपद संपलं की, 'तर मग तो म्हणाला', म्हणून पुन्हा तिथूनच पुढे.

बेरिल : तू ऐकायचीस?

ग्लेनिस : कानावर हेडफोन होते माझ्या. माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल तुला.

बेरिल : आणि पुसलंस.

ग्लेनिस : हो.

डग्लस : अकरा सेकंदांत काय आहे मग?

ग्लेनिस : 'चालू आहे का ते?' असं एकदा आहे. 'ग्लेनिस, माझी बस चुकेल,' दोनदा. आणि मग तू हसतेस. हसणं धरलं तर चौदा होतात. पण हसणं धरत नाहीत, मिस टॅप्ली म्हणाल्या.

डग्लस : घरातही नाही काही. मी शोधलं. लग्नाची फिल्म मुकीच आहे. फोनच्या मशीनवर हिचं 'आम्ही घरी नाही' होतं, ते मीच दोन वर्षांपूर्वी नवीन फोन घेताना टाकून दिलं. कुणाला माहीत होतं? ही एवढी बोलायची की साठवून ठेवावं असं कधी मनातच आलं नाही.

ग्लेनिस : घशाच्या ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून घ्यायला हवं होतं.

डग्लस : ऑपरेशन ठरल्यावर नऊच दिवस मिळाले. आणि आधीचं वर्षभर आवाज असा घोगरा, की तो ठेवून काय करायचं होतं?

बेरिल : चहा गार झाला. आणि याने बिस्किटं मऊ पडलेली आणली आहेत.

डग्लस : काय म्हणते?

ग्लेनिस : म्हणते, चहा छान झालाय.

डग्लस : असं नाही म्हणाली ती.

ग्लेनिस : अं?

डग्लस : पस्तीस वर्षांत एकदाही तसं म्हणालेली नाही. काय लिहिलंय ते सांग.

ग्लेनिस : चहा गार आहे आणि बिस्किटं मऊ पडलीत.

डग्लस : हां. ही ती.

बेरिल : अजून कापतेच आहेस.

ग्लेनिस : हे वाचू का त्याला?

बेरिल : नको. हे तुला.

ग्लेनिस : ते सहा तयार आवाज कसे आहेत?

डग्लस : एक लावून दाखवला मागच्या खेपेला. सभ्य आहे. पोस्टात खिडकीमागे असते तशी बाई. हिनं टाइप केलं, 'डग्लस, नाक पूस', आणि त्या बाईनं ते म्हटलं, आणि मी आपला खुर्चीत ताठ बसलो आणि 'माफ करा' म्हणालो. मिस टॅप्ली हसल्या. ही नाही हसली. घरी येईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती.

ग्लेनिस : आणि ते गळ्याला लावायचं यंत्र? घूं घूं आवाज येतो ते?

बेरिल : ते मी तीन दिवस लावलं. कसायाच्या दुकानात सगळे वळून बघायला लागले. तू हा आवाज मिळावा म्हणून जन्मभर यंत्रं विकत घेतलीस, मला सरकारकडून फुकट मिळाला.

ग्लेनिस : बेरिल.

बेरिल : हसायचं असतं त्यावर. वाच त्याला, तो हसेल.

डग्लस : काय?

ग्लेनिस : ते यंत्र तिला नको आहे, एवढंच.

डग्लस : मी त्या आवाजानं खोलीतून उठून गेलो, म्हणून नको आहे तिला. मला माहीत आहे. मी परत आलो तोवर तिनं ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं. माफी मागितली मी. दोनदा चमचा वाजला.

ग्लेनिस : मी एक सांगायला आलेय. अकरा सेकंद फोनवरही सांगता आले असते.

बेरिल : वाटलंच. चांगला कोट घालून आलीस.

ग्लेनिस : मिस टॅप्ली म्हणाल्या, स्वतःचा आवाज नसेल तर जवळच्या माणसाचा चालतो. सख्खी बहीण असेल तर सगळ्यांत बरं. घशाची घडण तीच, गाव तेच. सहाशे वाक्यं वाचायची. रोज थोडी थोडी, तीन आठवडे. मग यंत्र त्यातून कुठलंही वाक्य बोलू शकतं. कागद दिलेत त्यांनी मला. गुरुवारी आपण हो म्हणालो की झालं.

डग्लस : तुझ्या आवाजात बोलेल ही?

ग्लेनिस : हो.

डग्लस : काय लिहिते? बराच वेळ लिहिते.

ग्लेनिस : पुसलं तिनं. पुन्हा लिहितेय.

बेरिल : नाही.

ग्लेनिस : नाही म्हणते.

डग्लस : का, ते विचार.

बेरिल : का, ते तुला माहीत आहे.

ग्लेनिस : तू सांग. तीस वर्षं तू एकदाही काही बोलली नाहीस. आता लिहून सांग.

बेरिल : वाच त्याला. जसंच्या तसं.

ग्लेनिस : वाचते. 'तू टीव्हीवर होतीस त्या गुरुवारी मी कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. सगळ्याजणी पाळी सोडून टीव्हीसमोर. धृपद आलं आणि माझा आवाज आला, आणि ओठ तुझे हलले. माझ्या शेजारची म्हणाली, तुझी बहीण किती छान गाते. मी म्हटलं, हो.'

डग्लस : हे मला सांगितलं नव्हतंस कधी.

ग्लेनिस : पुढे आहे. 'पेपरात आलं, इडा फ्रॉस्टला दोन आवाज आहेत, एक बर्फाचा आणि एक भाकरीचा. तू ते कापून आईला पाठवलंस. आईनं फ्रिजवर लावलं. आईलासुद्धा कळलं नाही भाकरीचा कुणाचा. तिच्या अंत्यविधीला ते गाणं लावलं. मावश्या तुझे हात धरून रडल्या. मी सँडविच फिरवत होते.'

डग्लस : ग्लेनिस, हे खरं?

ग्लेनिस : खरं आहे. रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, एक चेहरा, एक आवाज. ग्लेनिस हे नाव शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईचं वाटतं म्हणून नाव बदलून इडा फ्रॉस्ट केलं त्यानं, तेही मी चालवून घेतलं. मग कव्हरवर काय छापायचं हे विचारायची हिंमत कुठून आणणार होते? नाही, प्रश्न हिंमतीचा नव्हता. खोटं कशाला बोलू? मला ते आवडलं. मला दोन आवाज आहेत असं लोक म्हणाले आणि मला ते आवडलं.

बेरिल : मला तेव्हा राग नव्हता. मी लंडनला यायला नाही म्हटलं, मला डग्लस हवा होता आणि कारखान्यातलं माझं काम. राग सँडविचच्या दिवशी आला.

ग्लेनिस : म्हणते, लंडनला आली नाही ती तुझ्यासाठी.

डग्लस : माझ्यासाठी? मी म्हटलं होतं, जा. माझा काका पीटरबरोमध्ये आहे, लंडनपासून गाडीनं तासावर, मी तिथे काम बघतो, म्हटलं.

बेरिल : पीटरबरो, म्हणे.

ग्लेनिस : म्हणते, पीटरबरो.

डग्लस : बरं.

ग्लेनिस : आणि मग दुसरी रेकॉर्ड मी एकटीनं केली ना. दोन्ही आवाज मीच लावले. चांगला स्टुडिओ, महाग यंत्रं, तीन महिने. पेपरवाले म्हणाले, कसलीतरी ऊब गेली. कंपनीनं वर्षभरात सोडलं. त्यानंतर गालिच्यांच्या जाहिराती, दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागून ऊ-ऊ, आणि गेली बारा वर्षं समुद्रकाठच्या त्या सुट्टीच्या कॅम्पांत जुन्या गाण्यांचे वीकएंड. चाळीस मिनिटं मिळतात. लोक एकाच गाण्याला थांबलेले असतात. मी ओळी गाते, आणि धृपद आलं की मी बटण दाबते आणि टेपवरची तू येतेस. एकाही रात्री मी ते तुझ्याशिवाय म्हटलेलं नाही, बेरिल. मार्चमध्ये तुझं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात माझा एक कार्यक्रम होता. तू हॉस्पिटलात घशात नळी घालून, आणि तिथे बाराशे माणसांसमोर तू गात होतीस. मी पाठ फिरवून उभी राहिले. ऑक्टोबरचे सगळे कार्यक्रम मी रद्द करतेय. मला ते बटण आता दाबवत नाही.

बेरिल : दाब.

ग्लेनिस : काय?

बेरिल : कार्यक्रम कर. वाजव. तेवढा तरी कुठेतरी चालू दे माझा.

डग्लस : काय म्हणते ती? ग्लेनिस? वाच की.

ग्लेनिस : म्हणते, कार्यक्रम कर. तिचा आवाज वाजू दे.

डग्लस : हं.

ग्लेनिस : बेरिल, तू गुरुवारी ती पोस्टातली बाई घेशील?

बेरिल : हो. परकी आहे. मला कुणी ती समजणार नाही. तुझा घेतला तर मी तू होईन. माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासमोर.

ग्लेनिस : हे वाचू त्याला?

बेरिल : वाच.

ग्लेनिस : तुझा आवाज घेतला तर मी तू होईन, म्हणते. माझ्या नवऱ्यासमोर.

डग्लस : मी जरा बोलू का? तुम्ही दोघी कोण कोणाचं काय घेऊन गेली ते बघा, त्यात मी पडत नाही. पण माझं काय झालंय ते ऐका. मार्चपासून या घरात मी एकटाच बोलतोय. मला न बोलणारी बायको चालते, लोकांना हेवा वाटतो. पण मला आता वाचता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी ही कडसुद्धा जाईल. मग मला तुझं चमचा सोडून काही कळणार नाही, बेरिल. हो, नाही आणि गाढव. मला त्या बाईबरोबर राहवणार नाही. मी सारखी तिची माफी मागत बसेन. मला शिव्या द्यायला कुणीतरी ओळखीचं हवं.

बेरिल : हिचा आवाज तुला ओळखीचा?

ग्लेनिस : विचारते, माझा आवाज तुला ओळखीचा वाटतो का?

डग्लस : खरं सांगू? नाही. तू लंडनची झालीस. वाक्य संपताना वर जातेस, समोरच्याला आवडलं का बघायला गेल्यासारखी. ही वाक्य खाली ठेवते. बाजारातून येऊन पिशवी ठेवावी तसं, धपकन. आता घ्यायची तर घ्या, असं.

ग्लेनिस : वरच्या 'सा'वरून थेट खाली. मधे न थांबता.

डग्लस : ते सा-रे-ग-म तुला माहीत. पिशवी म्हण.

बेरिल : वाचून दाखव एक. कागद आणलेच आहेस तर.

ग्लेनिस : खरंच?

बेरिल : नुसतं ऐकते आहे. हो म्हटलेलं नाही.

ग्लेनिस : पहिलं. 'सातची बस आज उशिरा येणार आहे.'

बेरिल : बातम्या देतेस?

ग्लेनिस : 'सातची बस आज उशिरा येणार आहे.'

बेरिल : तुला आनंद झालाय का बस उशिरा येणार म्हणून? सात वाजता थांब्यावर उभी राहिली आहेस कधी?

डग्लस : मी जरा मागच्या अंगणात जातो. वारा सुटलाय, कपडे दोरीवरून उडतील. तुमचं चालू द्या.

ग्लेनिस : दिसेल तुला?

डग्लस : चादरी आहेत. चादरी मोठ्या असतात.

ग्लेनिस : गेला. दार उघडंच ठेवून गेला स्वयंपाकघराचं. दुसरं वाचते. 'आमच्या शेजाऱ्यांनी कुंपणाला हिरवा रंग दिला.'

बेरिल : हिरवा तुला आवडला नाही.

ग्लेनिस : 'आमच्या शेजाऱ्यांनी कुंपणाला हिरवा रंग दिला.'

बेरिल : बरं. शेवट ठीक. 'शेजाऱ्यांनी'वर घाई करू नकोस, तिथे मी डोळे फिरवायचे.

ग्लेनिस : आठवतं. तिथे अर्धा ठोका थांबायचीस. 'आमच्या शेजाऱ्यांनी… कुंपणाला हिरवा रंग दिला.'

बेरिल : कुठे शिकलीस हे?

ग्लेनिस : हेडफोनवर. सांगितलं ना.

बेरिल : पुढे.

ग्लेनिस : 'मला दोन अंडी आणि थोडं लोणी हवं.' बरोबर? आणि हे, 'परीक्षेचा निकाल पत्रानं कळवला जाईल.' हे तू कशाला म्हणशील कधी?

बेरिल : म्हणेन. आता तर नक्की म्हणेन. खाली ठेव वाक्य. अजून खाली. छातीतून.

ग्लेनिस : 'परीक्षेचा निकाल पत्रानं कळवला जाईल.'

बेरिल : हं.

ग्लेनिस : पाचवं. हे जरा तुझ्यासारखं आहे. 'बाहेर गार वारा आहे, गळ्याला काहीतरी गुंडाळ.'

डग्लस : (अंगणातून) गुंडाळलंय गं. आलोच.

ग्लेनिस : बेरिल. त्याला वाटलं तूच… थांब, मी सांगते त्याला.

बेरिल : काही सांगू नकोस.

ग्लेनिस : तू रडतेयस.

बेरिल : सहावं वाच.